फोनो कुणाचा?

आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. लग्न होऊन मी लालबागच्या या चाळीत आले तेव्हापासून ती तिथेच आहे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघायची, ओल्या फडक्याने पुसली जायची आणि पुन्हा आत सरकायची. आत ४३ रेकॉर्ड्स. काही मोठ्या, प्लॅस्टिकच्या, चित्रांच्या कव्हरातल्या. काही जड, काळ्याकुळकुळीत, खाकी कागदात घातलेल्या. वाजवायचं यंत्र मात्र घरात नव्हतं. पंचवीस वर्षं मी ती ट्रंक पुसली, पण आत काय गातंय ते कधी ऐकलं नव्हतं.

यंत्र होतं, पूर्वी. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते, म्हणून घरी आले की फोनो मोठ्याने लावायचे. अख्खा मजला ऐकायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि पुढचं गिरणगावातल्या घराघराला ठाऊक आहे. आधी पितळेची भांडी गेली, मग मंगळसूत्राच्या वाट्या. १९८३ च्या पावसाळ्यात फोनो गेला. आमचे हे तेव्हा दहा वर्षांचे. "बाबांनी तो चादरीत गुंडाळून नेला, मी जिन्यापर्यंत मागे गेलो," एवढंच सांगतात. रेकॉर्ड्स राहिल्या, कारण त्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही.

घरात त्याला कायम 'बाबांचा फोनो' म्हणत आले. हे लक्षात ठेवा, पुढे सांगणार आहे.

लेकीची भेट

माझ्या लेकीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने आजीसाठी अटॅचीसारखा दिसणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर आणला. पाच-सहा हजारांचा. झाकण उघडा, रेकॉर्ड ठेवा, ऐका. स्पीकर आतच. सासूबाई ७९ वर्षांच्या. त्यांनी त्या अटॅचीला हळदकुंकू लावलं. पहिली रेकॉर्ड लागली ती भीमसेनजींच्या अभंगांची. ४० वर्षांनी! घरात कुणी काही बोललं नाही.

मग मात्र महिनाभर रोज सकाळी तीच रेकॉर्ड, आणि हळूहळू कुरबुर सुरू झाली. आमची चाळ लाकडी तक्तपोशीची. बाहेर पॅसेजमध्ये पोरं धावली की सुई उडी मारायची आणि अभंग एकदम दोन ओळी पुढे जायचा. मला लहानपणीचा उपाय आठवला. माझ्या माहेरी शेजारी काका सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवत. मी रुपयाचं ठेवलं. उडी थांबली. मी स्वतःवर खूश!

तीन आठवड्यांनी त्या रेकॉर्डवर सतत खरखर येऊ लागली. वरच्या पट्टीतला आवाज फाटायला लागला. मी फडक्याने पुसली, सुई पुसली. काही उपयोग नाही. आणि त्या जड, काळ्या, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स तर पहिल्यापासूनच पावसात पत्र्यावर वाजतं तसल्या आवाजात गात होत्या. यंत्रावर ७८ चं बटण होतं, फिरतही बरोबर होतं. मग असं का?

सुई आणि दाभण

मी कला शाखेची पदवीधर. घरात यंत्राचं काही बिघडलं की आम्ही बायका बाजूला उभ्या राहून टॉर्च धरायच्या. पण या वेळी वाटलं, नाणं मी ठेवलं, तर काय झालं ते मीच शोधायला हवं. दुकानदारांना विचारलं, जुन्या रेकॉर्डवेड्यांना गाठलं, वाचलं. जे कळलं ते सांगते.

रेकॉर्डवर एकच बारीक चर असते, बाहेरून आत गोल गोल गेलेली. मोठ्या लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूची ती चर सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तिच्या दोन्ही भिंतींवर आवाजाच्या लाटा कोरलेल्या. सुईचं टोक त्या भिंतींना घासत जातं आणि थरथरतं, त्या थरथरीचा होतो आवाज. टोक इतकं लहान की दोन ग्रॅम वजनसुद्धा त्या जागी प्रचंड दाब देतं. आजकालच्या बऱ्याच चांगल्या सुया दोन ग्रॅमच्या आसपास वजनावर चालतात. आमच्या अटॅचीतली सुई त्याहून बरीच जड होती, आणि वर मी चार-पाच ग्रॅमचा रुपया! म्हणजे मी रोज सकाळी त्या अभंगांवर नांगर फिरवत होते.

७८ च्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी. तिची चर लाँग प्लेपेक्षा बरीच रुंद असते. तिला टोकाशी तीन-चार पट जाड सुई लागते. बारीक सुई त्या रुंद चरीच्या तळाशी जाऊन बसते आणि भिंतींवरचं गाणं सोडून तळातली धूळ वाजवते. म्हणून ती पत्र्यावरची पावसाची सर.

हे मी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दाभणाचं काम सुईला सांगितलंत, मग कसं व्हायचं? आपल्या फोनोला सुई उलटायची कळ होती. एकीकडे एलपी, एकीकडे अठ्ठ्याहत्तर."

मी बघतच राहिले. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांना खरंच तशी सोय होती. सुईची एक बाजू लाँग प्लेला, उलटवली की दुसरी बाजू ७८ ला. महिनाभर मी ज्याचा शोध घेत होते ते घरातच, माझ्यासमोर लसूण सोलत बसलेलं होतं. विचारलंच नव्हतं मी.

पैशाचं काय?

चांगलं यंत्र घ्यायचं ठरलं तर किती? चौकशी केली तेव्हा पंधरा हजारांपासून लाखापर्यंत आकडे निघाले. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं, पण मनासारखं, म्हणजे तीस-चाळीस हजारांच्या घरातलं.

माझ्या नावावर पोस्टात पाच वर्षांची आरडी होती, ती त्याच महिन्यात पुरी होणार होती. पण हात धजेना. मी आमच्या भागात बायकांचा बचत गट चालवते. त्याच आठवड्यात गटातल्या एकीने दवाखान्यासाठी दहा हजारांचं कर्ज मागितलं होतं. तिच्या अर्जावर सही करायची आणि संध्याकाळी गाणी ऐकायला चाळीस हजारांचं यंत्र बघायला जायचं? आमचे हे म्हणाले, "चाळीचं रिडेव्हलपमेंट होऊ दे, टॉवरमध्ये गेल्यावर घेऊ." सासूबाईंनी हे ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "टॉवर मी कुठे बघणार आहे?"

गटातल्या एका मैत्रिणीजवळ मन मोकळं केलं. ती फटकन म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी मॅचसाठी पन्नास हजारांचा टीव्ही आला तुमच्याकडे, तेव्हा नाही आलात विचारायला?" खरं होतं. तो घरासाठी होता. आणि हे माझ्या आवडीचं, सासूच्या आठवणीचं, म्हणून ती चैन झाली होती.

निवड

तीन यंत्रांवर येऊन ठेपलो. दुकानांची नावं घेत नाही, उगाच जाहिरात नको. यंत्रांची सांगते, कारण त्यातून निवड कशी करायची ते कळेल.

पहिलं, ऑडिओ टेक्निकाचं एलपी ६०एक्स. तिघांत सर्वांत स्वस्त. पूर्ण ऑटोमॅटिक. बटण दाबा, हात आपोआप जातो, संपलं की परत येतो. वय झालेल्या माणसाला फार सोयीचं. पण त्याचं सुईचं वजन कारखान्यातच बांधलेलं, आपल्याला बदलता येत नाही, आणि ते ७८ वर फिरत नाही. ज्यांच्याकडे फक्त लाँग प्ले आहेत त्यांना उत्तम. आमच्या ४३ पैकी १७ रेकॉर्ड्स ७८ च्या.

दुसरं, इंग्लंडच्या रेगा कंपनीचं प्लॅनार १. दिसायला साधं, आवाज असा की बाहेर पडावंसं वाटेना. पण तेही ३३ आणि ४५ वरच चालतं, आणि वेग बदलायचा तर थाळी उचलून खालचा पट्टा सरकवावा लागतो. शिवाय साध्या मॉडेलला फोनो प्री-ॲम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो.

हे प्री-ॲम्प प्रकरण आधी समजून घ्या, नाहीतर घरी आणून लावल्यावर डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो आणि आपल्याला वाटतं यंत्रच खराब. चांगल्या सुईतून येणारी वीज अगदी थोडी, व्होल्टचा काही हजारावा भाग. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज मुद्दाम जास्त करून कोरतात. खर्ज पूर्ण कोरला तर चरी रुंद होतील आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावणारच नाहीत. कमी केलेलं परत वाढवायचं आणि वाढवलेलं कमी करायचं, हे काम प्री-ॲम्पचं. तो यंत्रात तरी असावा, ॲम्प्लिफायरमध्ये तरी, नाहीतर वेगळा.

तिसरं, ऑडिओ टेक्निकाचं एलपी १२०एक्स. वजनाला दणकट. थाळी पट्ट्यावर नाही, थेट मोटरवर फिरते. ३३, ४५ आणि ७८ तिन्ही. प्री-ॲम्प आतच आहे, नको असेल तर बंद करता येतो. हाताच्या मागच्या टोकाला फिरवायचं वजन. हा हात म्हणजे तराजूची दांडीच. आधी मागचं वजन फिरवून दांडी समतोल करायची, मग आकडे बघून हवे तेवढे ग्रॅम द्यायचे. आणि मुख्य म्हणजे त्यासोबत येणाऱ्या व्हीएम ९५ जातीच्या हेडची सुई बोटाने ओढून काढता येते आणि तिच्या जागी त्याच कंपनीची ७८ ची जाड सुई बसते. ती वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती लावली की वजनही वेगळं लावावं लागतं. पण सासूबाईंच्या फोनोची ती कळ मला पुन्हा सापडली.

दुकानात आम्ही तिघी गेलो. मी, सासूबाई आणि लेक. सोबत आपल्या घरच्याच दोन रेकॉर्ड्स. दुकानातला मुलगा त्याच्याकडचं ढोलकीचं, गिटारचं काही लावत होता. मी म्हटलं, आमची लाव. जुन्या रेकॉर्डवेड्यांनी मला एक युक्ती शिकवली होती. यंत्राचा वेग स्थिर आहे का ते ढोलाताशावर कळत नाही. लांबलेला सूर ऐकायचा. आलाप, पेटी, सनई. सूर जरा जरी लाटेसारखा हलला तर यंत्र नापास. अटॅचीवर आमच्या पेटीला कापरं भरायचं. इथे सूर सरळ उभा राहिला.

बिल करताना त्या मुलाने विचारलं, "साहेबांचं नाव सांगा." मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मी चमकून बघितलं. खुर्चीत बसल्या बसल्याच त्या म्हणाल्या, "तेव्हाचाही माझाच होता."

त्यांनी लग्नानंतर काही वर्षांनी खाणावळ सुरू केली होती. वीस-बावीस गिरणीवाल्यांचे दोन वेळचे डबे. त्या कमाईतून भिशी लावली. १९७६ मध्ये भिशी उचलली, आणि गाण्याची आवड त्यांची स्वतःची. फोनो त्यांनी आणला. ७८ च्या रेकॉर्ड्स तर त्यांच्या माहेरच्या, चावीच्या बाजावर वाजायच्या त्या. तिथे लोखंडी सुई दर गाण्यानंतर बदलायची, ते काम लहानपणी त्यांचं. पण पाहुणा आला की सासरे सांगायचे, "मी फोनो घेतलाय." आणि यांनी कधी दुरुस्त केलं नाही. "गिरणीत दिवसभर मान खाली घालून काम. घरात जरा मान वर राहिली तर काय बिघडलं?" असं म्हणाल्या. आमच्या यांना हे वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. त्या रात्री ते बराच वेळ पॅसेजमध्ये उभे होते.

फळी भिंतीवरच

यंत्र आलं, पण तक्तपोशी तीच आणि पोरंही तीच. यावर उपाय मात्र अगदी स्वस्त निघाला. जमिनीवरच्या कपाटावर न ठेवता भिंतीत ठोकलेल्या मजबूत फळीवर ठेवलं. जमीन हलते, चाळीची जुनी विटांची भिंत हलत नाही. स्पीकर त्याच फळीवर ठेवले नाहीत, नाहीतर त्यांची थरथर परत सुईत शिरते. आता पोरं धावू देत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी माळ्यावर, कोठीच्या खोलीत अशी ट्रंक असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा.

आधी बघा, रेकॉर्ड कुठली. जड, टणक, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं, ती ७८ ची. आपल्याकडे या साधारण १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या. त्या लाखेच्या, आपल्या लाखेच्या बांगड्यांतली तीच लाख. पडली की फुटते. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही लावू नका, लाख विरघळते. वाकणारी, मोठी ती प्लॅस्टिकची लाँग प्ले. तिला इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं पुरे. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. दोन्ही प्रकार उभे ठेवा, वह्या ठेवतो तसे. एकावर एक थप्पी आणि उन्हाजवळ ठेवलं की प्लॅस्टिकची वाकडी होते.

७८ च्या असतील तर यंत्र घेताना दोन प्रश्न विचारा. ७८ चा वेग आहे का, आणि ७८ ची वेगळी सुई मिळते का? नुसत्या बटणावर भुलू नका. सुईचं वजन बदलता येतं का, बदली सुई पुढे मिळत राहील का, हेही विचारा. सुई हिऱ्याची असली तरी झिजते. कंपन्या ३०० पासून १००० तासांपर्यंत सांगतात. परदेशातून कुणी जुनं यंत्र आणून देत असेल तर किती व्होल्टचं ते आधी बघा. जपान-अमेरिकेतली यंत्रं १००-१२० व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावली तर जळतात. आणि मुंबईला येऊन चोरबाजारातल्या चकचकीत पितळी कर्ण्याच्या मोहात पडाल, तर तो शोभेचा आहे की वाजायचा, हे तुमची रेकॉर्ड लावून बघा. मात्र ती तुमची आवडती नको. त्या लोखंडी सुया आणि जड हात प्लॅस्टिकच्या रेकॉर्डची वाट लावतात.

दुकान तुमच्या गावात नसेल तर मागवण्याआधी मुंबई-पुण्याला कुणाकडे तरी प्रत्यक्ष ऐका. आणि खोक्यातली थर्माकोलची खोकी टाकू नका, दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर तीच लागतात.

लेकीची अटॅची कपाटावर ठेवली आहे. पहिल्या कमाईची वस्तू, ती काढायची नसते. नव्या यंत्राचं यूएसबी मॉडेल घेतल्यामुळे लेक आता एकेक रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवते आणि कणकवलीला आत्याला पाठवते. गुरुवारी दुपारी गटाची बैठक झाली की चार-पाच म्हाताऱ्या बायका थांबतात. सासूबाई काय लावायचं ते सांगतात, मी लावते. दवाखान्यासाठी कर्ज घेतलेली आमची मैत्रीणही येते. तिचे हप्ते वेळेवर चालू आहेत.

एक मात्र राहिलंच. अभंगांची ती रेकॉर्ड मी नव्या यंत्रावर लावून बघितली. दोन ग्रॅम वजन, नवी सुई, सगळं चोख. खरखर तशीच आहे. घासली गेलेली चर कुठल्याही किमतीच्या यंत्राने भरून येत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, दुसरी शोधून आणते." तर म्हणाल्या, "आण. पण ही टाकू नकोस." मग खरखरीसकट ती बाजू त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.